बंदिवानाचा कारभारी

ठाणे शहरात खाडीच्या बाजूस एक जुना किल्ला आहे. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास तो बांधावयास आरंभ केला, १७३७ साली मराठ्यांनी तो घेतला आणि १७७४ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. पेशवाईतील त्रिंबकजी डेंगळे १८१६ साली येथल्या कैदेतून निसटले, आणि अनंत कान्हेरे व त्यांचे दोन सोबती यांस १९१० साली येथेच फाशी देण्यात आले. आज त्याच तटाच्या आत ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे. लोहमार्गाने पुढे कल्याणास गेले म्हणजे आधारवाडी येथे दुसरे कारागृह लागते. या दोन्ही दरवाजांबाहेर मुलाखतीच्या दिवशी जी माणसे उभी असतात, त्यांत खेड्यांतून रात्रीच्या गाडीने आलेली पुष्कळ असतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत आधारकार्ड, वकिलाची चिठ्ठी, एखादे औषध, आणि घडी घालून घालून फाटत आलेला एखादा सरकारी कागद.

खेड्यांतील मंडळ्यांसाठी निघणाऱ्या या पत्रात आम्ही तुरुंगाच्या दाराची गोष्ट का काढावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आमच्या खेड्यांतील तरुण आज पोटासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या बाजूस गेलेले आहेत. कारखान्यात, गोदामात, रिक्षावर, बांधकामावर ते राबतात आणि चाळीतील एका खोलीत दोन कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी एखाद्यावर फिर्याद होते, कधी खरी, कधी खोटी, पुष्कळदा अर्धी खरी व अर्धी खोटी. आणि एके दिवशी गावातील म्हाताऱ्या आईस निरोप येतो की मुलास धरले आहे. त्या दिवसापासून त्या घराला तीन कामे पडतात. एक प्रार्थनेचे, दुसरे वकिलाचे आणि तिसरे त्याच्या मागे राहिलेल्या कारभाराचे. पहिल्या दोहोंविषयी आम्ही पाळक लोक पुष्कळ बोलतो. तिसऱ्याविषयी कोणी बोलत नाही; आणि घरे मोडतात ती बहुधा या तिसऱ्या कामात मोडतात, असे आमचे अवलोकन आहे.

कारभार म्हणजे काय? बँकेतले खाते, खोलीचे भाडे व अनामत रक्कम, दुचाकीच्या कर्जाचा हप्ता, कारखान्याकडून येणे असलेला पगार, गावचा सातबारा व सोसायटीचे पीककर्ज, मुलांची फी, बायकोचा घरखर्च. मनुष्य आत गेला तरी यांपैकी एकही गोष्ट थांबत नाही. हप्त्याची तारीख त्याच्या सुटकेची वाट पाहत नाही. तेव्हा कोणीतरी त्याच्या वतीने हे सर्व पाहिले पाहिजे, हे उघड आहे. प्रश्न एवढाच आहे की, पाहणारा तो कोण? बंदिवानाच्या मालमत्तेचा तो मालक, की पालक, की चाकर?

हा प्रश्न कोर्टकचेरीचा दिसतो, परंतु मुळात तो नीतीचा आहे. मेलेल्या मनुष्याचा कारभार वारस पाहतात. अज्ञान मुलाचा पालक पाहतो. वेडसर मनुष्याचा न्यायालयाने नेमलेला मनुष्य पाहतो. बंदिवान या तिघांपैकी कोणीच नाही. त्याची बुद्धी जागी आहे, इच्छा जागी आहे, फक्त हात पोहोचत नाही. आणि ज्याचा हात पोहोचत नाही त्याच्या वतीने विचारही आपणच करावा, असे मागे राहिलेल्यांस हळूहळू वाटू लागते. तेथेच पाय घसरतो.

आमचाही पाय घसरला होता, हे येथे कबूल करणे आम्हांस भाग आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात दोघे भाऊ होते. थोरला गावी शेती पाही, धाकटा डोंबिवलीस कारखान्यात होता. चाळीतील मारामारीच्या एका प्रकरणात धाकट्यास अटक झाली व अकरा महिने तो आत राहिला. त्याचे बँकेचे कार्ड व त्याचा गुप्त अंक थोरल्याजवळ होता. पहिल्याच महिन्यात थोरला आमच्याकडे येऊन म्हणाला, “पाळकसाहेब, याच्या पैशाचा हिशेब लिहून ठेवू का?” आम्ही त्यास प्रेमाने, परंतु अविचाराने उत्तर दिले की भावाभावांत हिशेब कसला, घरचा पैसा घरासाठीच वापरला जाईल. पुढे वकिलास पैसे गेले, ते रास्तच होते. परंतु त्याच खात्यातून विहिरीची मोटर आली, थोरल्याच्या मुलीची फी गेली. चाळीतील खोली सोडून अनामत रक्कम परत घेतली गेली आणि धाकट्याच्या बायकोस माहेरी पाठविण्यात आले. थोरल्याने एक रुपयाही चैनीत उडविला नाही. धाकटा निर्दोष सुटून आला तेव्हा त्यास ना खोली होती, ना शिल्लक, ना नोकरी. त्याने भावाकडे हिशेब मागितला. हिशेब नव्हता. तेव्हा तो एवढेच म्हणाला, “दादा, मी आत होतो, मेलो नव्हतो.” ते दोघे भाऊ आजही उपासनेस येतात आणि मंदिराच्या दोन बाजूंस बसतात. त्या दोन बाकांमधील जागा आम्ही दर रविवारी पाहतो, आणि तीत आमचाही वाटा आहे हे आम्ही जाणतो.

या प्रसंगानंतर आम्ही पवित्र शास्त्र पुन्हा उघडून पाहिले, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायाकडे आमचे लक्ष गेले. उपदेशात आम्ही तो भाग आशेचा म्हणून वाचतो. परंतु तो एका कैद्याच्या जमीनखरेदीचा दस्तऐवजही आहे, हे आमच्या कधी ध्यानी आले नव्हते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेस वेढा घातला आहे आणि राजाने यिर्मयास पहारेकऱ्यांच्या चौकात बंदीत ठेविले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथ येथील शेत सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे, तू ते घे, असे म्हणतो. यिर्मया बंदीत असूनही स्वतः निर्णय करितो. सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून देतो, खरेदीखतावर सही करितो, साक्षीदार घेतो, मोहर करितो, आणि ते कागद नेरीयाचा पुत्र बारूख याच्या हाती देऊन सांगतो की हे मातीच्या पात्रात घालून ठेव, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकतील.

येथे तीन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. पहिली ही की, निर्णय बंदिवानाचा आहे. बारूखाने असे म्हटले नाही की, गुरुजी, तुम्ही आत आहात, शहर पडत आहे, या वेळी शेत घेणे शहाणपणाचे नाही, ते रुपे मी दुसऱ्या कामी लावतो. व्यवहारी दृष्टीने बारूखाचे तसे म्हणणे चुकीचेही ठरले नसते. दुसरी ही की, व्यवहार उघड झाला. चौकात बसलेल्या सर्व लोकांसमक्ष कागद हाती देण्यात आला. तिसरी ही की, कागद जपून ठेवण्यात आला, कारण ज्याचे ते शेत आहे तो किंवा त्याचे लोक पुन्हा येतील असा भरवसा होता. बंदिवानाची इच्छा, लोकांसमक्ष व्यवहार आणि जपून ठेविलेला कागद, या तीन खुणांवरून खरा कारभारी ओळखावा.

आमच्या मराठी मुलखातही याचे एक उदाहरण आहे. लोकमान्य टिळकांस २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांस ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. मागे पुण्यात घर होते, आजारी पत्नी होती, मुले होती, वर्तमानपत्रे होती आणि न्यायालयातील गुंतागुंतीची कामे होती. घरचा कारभार त्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस यांनी पाहिला. टिळकांनी मंडालेहून त्यांस लिहिलेली पत्रे आज छापलेली उपलब्ध आहेत. हजारो मैल दूर असलेला मनुष्य घरच्या, मुलांच्या, ग्रंथांच्या व कज्जांच्या बाबतीत त्यांतून आपली इच्छा कळवीत होता. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई १९१२ साली वारल्या. टिळक १९१४ च्या जून महिन्यात परत आले. सहा वर्षे एका मनुष्याने दुसऱ्याचे घर दुसऱ्याचे म्हणून सांभाळले, ही गोष्ट त्या काळच्या मोठमोठ्या भाषणांपेक्षा लहान दिसते. परंतु भाषणे ऐकणारे हजारो मिळतात, असा भाचा शंभरांत एक मिळतो.

आता कोणी म्हणेल की, हे संदेष्ट्याचे व लोकमान्यांचे झाले. आमचा भाऊ अपराधी असेल तर त्याचा हक्क कसला? यावर प्रथम देशाचा कायदा काय म्हणतो ते पाहू. कांही अपराधांबद्दल कैद्याची सर्व मालमत्ता सरकारजमा करण्याची शिक्षा पूर्वी दंडसंहितेत होती. ती कलमे १९२१ साली रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली सांगितले की, शिक्षा झाली म्हणून मनुष्याचे सर्व मूलभूत हक्क नाहीसे होत नाहीत. शिक्षा झालेल्याविषयी जर असे, तर ज्याचा न्यायच अद्याप झालेला नाही त्याच्याविषयी काय बोलावे? ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० मनुष्ये होती, आणि त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे चारांतील तीन कच्चे कैदी होते. सरकार ज्याची मालमत्ता घेत नाही, त्याची मालमत्ता त्याच्याच भावाने घ्यावी काय?

तेव्हा रास्त मार्ग कोणता, तो ऐकावा. कित्येकांची अशी समजूत आहे की नवरा आत गेला म्हणजे बायको, किंवा मुलगा आत गेला म्हणजे बाप, आपोआप त्याचा मुखत्यार होतो. तसे नाही. नात्याने प्रेमाचा अधिकार मिळतो, सहीचा मिळत नाही. त्यासाठी बंदिवानाने मुखत्यारपत्र करून द्यावे लागते, आणि तुरुंगात असलेल्या मनुष्यास ते करून देता येते. १९०८ च्या नोंदणी अधिनियमात अशी सोय आहे की, तुरुंगातील मनुष्याने नोंदणी कचेरीत समक्ष येण्याची जरुरी नाही. निबंधकाने स्वतः तेथे जावे किंवा दुसऱ्या कोणास नेमून त्याची जबानी घ्यावी. वकिलामार्फत तुरुंग अधीक्षकाकडे व जरूर तर न्यायालयाकडे अर्ज करावा. वकीलपत्रावरही बंदिवानाची सही तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फत होते. याला दिवस लागतात, खेटे पडतात, हे आम्ही जाणतो. परंतु खेटे वाचविण्यासाठी त्याच्या नावाची सही आपण मारणे ही बनावटगिरी आहे. आणि त्याचे कार्ड यंत्रात घालून पैसे काढणे, घरोघरी चालत असले तरी, बँकेच्या नियमांस सोडून आहे. मुखत्यारपत्रात कोणकोणती कामे करावयाची ती एकेक करून लिहावी. भाडे देणे, हप्ता भरणे, पगार वसूल करणे एवढ्याचीच गरज असेल तर जमीन विकण्याचा अधिकार त्यात घालू नये. आणि कल्याण-डोंबिवलीकडे नुसत्या मुखत्यारपत्रावर खोल्या विकत घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, केवळ तशा कागदाने स्थावराची मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. बंदिवानाची खोली अशा कागदावर विकणारा कारभारी दोन घरे एकदम बुडवितो.

याहून कठीण प्रश्न जामिनाचा आहे. नीतिसूत्रांचे पुस्तक वाचणाऱ्या आमच्या वडील मंडळींस ठाऊक आहे की, दुसऱ्यास जामीन राहू नये अशी ताकीद तेथे एकदा नव्हे, अनेकदा दिलेली आहे. दुसरीकडे उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा आपल्या बापासमोर उभा राहून धाकट्या भावाविषयी स्वतःस जामीन ठेवितो, आणि पुढे मिसरात खरोखरीच भावाच्या जागी गुलाम होण्यास सिद्ध होतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा? आम्हांस असे दिसते की, शलमोनाने निषेध केला तो न विचार करिता, तोंडदेखलेपणाने, आपली ऐपत न मोजता हात देण्याचा. यहूदाने मोजून हात दिला. आपण काय गमावू शकतो हे त्यास ठाऊक होते आणि ते गमावण्याची त्याची तयारी होती. जामीनदाराने हे समजून घ्यावे की, आरोपी तारखेस हजर न राहिला तर कतब्याची रक्कम त्याजकडून वसूल होऊ शकते; आणि आपण ही जबाबदारी वाहू शकत नाही असे पुढे वाटले तर अर्ज करून मुक्त होण्याची वाटही कायद्याने ठेविली आहे. भिडेस पडून कागदावर सही करणे आणि मग घरी येऊन कुरकुरणे, हे यहूदाचे काम नव्हे.

खेड्यातील जामीनदारास आणखी एक अडचण येते. ‘तुम्ही परजिल्ह्यातले, तुमची जमीन इकडे नाही,’ असे त्यास सांगण्यात येते. याविषयी १९७८ सालचा मोतीरामाचा निकाल प्रत्येक पाळकास ठाऊक असावा. मध्यप्रदेशातील हा एक गरीब गवंडी. त्याच्या जामिनासाठी दहा हजार रुपयांची हमी मागण्यात आली, आणि भाऊ हमी देऊ लागला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून ती नाकारण्यात आली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे अन्यायाचे ठरविले व एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्यास सोडण्याची आज्ञा केली. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी त्याच न्यायालयाने असे निर्देश दिले की, जामीन मंजूर होऊनही आठवड्याच्या आत कोणी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे, आणि महिन्याच्या आत हमी देता आली नाही तर न्यायालयाने अट सौम्य करण्याचा विचार करावा. हे ठाऊक नसल्यामुळे गरीब लोक न्यायालयाच्या आवारात भाड्याने मिळणाऱ्या जामीनदारांच्या हाती पडतात. खोट्या कागदाने सोडविलेला भाऊ खऱ्या अर्थाने सुटत नाही. तो लबाडी उघडी पडेपर्यंतच बाहेर असतो. याउलट बंदीत असलेल्या प्रत्येकास, तसेच प्रत्येक स्त्रीस, मिळकत कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. ठाण्यास जिल्हा प्राधिकरण आहे, आणि १५१०० या क्रमांकावर कोठूनही विचारता येते. शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवड्यापासून ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. तीत पन्नास हजार रुपयांपर्यंत सात टक्के व्याजाने कर्ज मिळते आणि ते कैद्याच्या तुरुंगातील कमाईतून फिटते. म्हणजे आत बसलेला मनुष्यही आपल्या मुलाबाळांचा पोशिंदा राहू शकतो, हे सहकारी बँकेस कळले. ते मंडळीस कळू नये, याचे आम्हांस वाईट वाटते.

आता एक आक्षेप राहतो, आणि तो हलका नाही. बंदिवानाची इच्छा पाळावी असे आम्ही म्हटले. परंतु त्याची इच्छा वाईट असली तर? साक्षीदारास पैसे पोहोचव, अमुक वस्तू लपव, फिर्यादीच्या घरी जाऊन धाक घाल, असा निरोप मुलाखतीच्या जाळीतून आला तर कारभाऱ्याने काय करावे? चाकर मालकाचा असतो, त्याच्या पापाचा नसतो. अशा वेळी ‘हे मी करणार नाही’ असे त्यास तोंडावर सांगावे, आणि बाकीचा कारभार पूर्वीइतक्याच निष्ठेने चालवावा. एका नकारामुळे सर्व सोडून देणे हेही पाप आहे. तसेच, ज्याचे त्याने खरोखर नुकसान केले असेल त्याची भरपाई करण्यास त्यास विनवावे. जक्कयाने चौपट परत देण्याचे कबूल केले ते कोणी त्याच्या तिजोरीची किल्ली हिसकावून घेतल्यामुळे नव्हे. ते औदार्य त्याचे स्वतःचे होते म्हणूनच ते पश्चात्तापाचे फळ झाले. कारभाऱ्याने परस्पर दिलेली भरपाई हा व्यवहार होईल, पश्चात्ताप होणार नाही.

आणि त्याच्या बायकोचे काय? बंदिवानाने रागाने किंवा संशयाने तिला एक पैसा देऊ नये असे सांगितले तर? जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याविषयी पौलाने तीमथ्यास कठोर शब्द लिहिले आहेत, आणि देशाचा कायदाही बायकोमुलांस पोटगीचा हक्क देतो. पोट हे इच्छेच्या आधी येते. कारभाऱ्याने हे बंदिवानास पत्राने स्पष्ट कळवावे, त्याचे मन वळवावे, आणि न वळल्यास तिला योग्य ठिकाणी दाद मागण्यास मदत करावी. चोरून देऊ नये आणि चोरून अडवूही नये. सासरच्यांनी तिला माहेरी धाडणे हा आमच्याकडे सोपा मार्ग समजला जातो. तो कारभार नव्हे, ती हकालपट्टी होय.

मंडळीचे या बाबतीत काय कर्तव्य आहे? रोममध्ये पौल बेडीत असताना पुष्कळांनी त्याजकडे पाठ फिरविली. अनेसिफर मात्र त्या बेडीची लाज न धरिता त्यास शोधीत गेला. हे नाव आम्ही आदराने वाचतो, आणि आमच्यातील कोणाचा मुलगा आत गेला की त्या घराकडे जाणारी वाट टाळतो. आमच्या मते तीन गोष्टी प्रत्येक मंडळीस करिता येतील, आणि त्यांत एकीलाही फंड लागत नाही. एक, त्या घराबरोबर कचेरीत जावयास लिहितावाचता येणारा एक मनुष्य द्यावा. दोन, कारभाऱ्यास जमाखर्चाची वही घालून द्यावी आणि पंचांपैकी दोघांनी, ज्यांत एक स्त्री असावी, ती दर महिन्यास पाहून सही करावी. हे अविश्वासाने नव्हे, तर उद्या त्याच्यावर कोणी बोट दाखवू नये म्हणून. तीन, त्या जमाखर्चाची नक्कल बंदिवानास धाडावी. आतल्या मनुष्यास भाकरीइतकेच याचे बळ असते. आपण विसरले गेलो नाही, आपली खोली अजून आहे, मुलाची फी भरली गेली, हे त्यास कळते. योसेफाने प्यालेबरदारावर एकच लहान काम सोपविले होते, राजापाशी माझे नाव काढ एवढेच. तो मनुष्य वाईट नव्हता. तो विसरला. त्या विसरण्याची किंमत योसेफाने पुरती दोन वर्षे तुरुंगात भरली. आम्ही बहुतेक लोक दुष्ट नसतो. आम्ही त्या प्यालेबरदारासारखे असतो.

आम्ही वर ज्या दोन भावांविषयी लिहिले, त्यांच्यापैकी थोरल्याने मागील पावसाळ्यात एक वही आणली. जुन्या पावत्या, बँकेचा उतारा आणि आठवण यांवरून त्याने अकरा महिन्यांचा हिशेब जुळविण्याचा यत्न केला आहे. तो पुरा जुळत नाही. जेथे जुळत नाही तेथे त्याने ‘माझ्याकडे’ असे लिहिले आहे, आणि त्या रकमांची बेरीज खाली केली आहे. ती वही धाकट्यास कशी द्यावी, हे तो आम्हांस विचारावयास आला होता. या वेळी आम्ही त्यास भावाभावांत हिशेब कसला असे म्हटले नाही. आम्ही म्हटले, तू स्वतः ने, आणि पैसे हप्त्यांनी देण्याचे कबूल कर. त्याने ती नेली. धाकट्याने ती घेतली व आत ठेविली. अद्याप कांही बोलला नाही. ते दोघे अजून वेगळ्या बाकांवर बसतात. परंतु वही आता धाकट्याच्या घरी आहे.

बारूखाने तो कागद मातीच्या पात्रात ठेविला तेव्हा नगर अजून पडावयाचे होते. तरीही त्याने तो ठेविला. आमच्या मंडळ्यांत ज्यांच्या हाती दुसऱ्याचे कागद आहेत, त्यांस प्रभु तितकी निष्ठा देवो. आणि आम्हां पाळकांस, कोणी हिशेबाविषयी विचारले तर, बरे उत्तर देण्याची बुद्धी देवो.